भरलेली बाटली

हातात काचेचं काहीही आलं, की आमचे चाचा आधी त्याच्या मागे वर्तमानपत्र धरायचे. तपासणीची नळी असो, सलाइनची बाटली असो, नाहीतर कँटीनमधला चहाचा ग्लास असो. चष्मा कपाळावर सरकवायचा, एक डोळा मिटायचा आणि काचेतून पलीकडची अक्षरं वाचायची. एकदा चहातून त्यांना हवामानाचा अंदाज अख्खा वाचता आला. लगेच त्यांनी कँटीनवाल्याला हाक मारली, "भाऊ, आज दूधमा पानी शे. आठे शंका नही, पुरावा शे."

ही सवय कामातून लागलेली. आमच्या ग्रामीण रुग्णालयात ते लॅब टेक्निशियन होते आणि मी परिचारिका. सातपुड्याच्या पाड्यांमध्ये सिकलसेलचा आजार बराच. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि माणूस हाडं फुटल्यासारखा कळवळतो. त्याची पहिली चाचणी साधी असते. औषधाच्या नळीत थेंबभर रक्त टाकायचं, थोडं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर सुटलात. नळी गढूळ होऊन रेघा पुसल्या गेल्या, तर पुढची मोठी तपासणी. मध्यंतरी रेघांचा छापील कागद संपला होता, तेव्हापासून चाचा वर्तमानपत्रावर आले ते कायमचे. कागद नंतर आला, पण वर्तमानपत्र काही सुटलं नाही.

ते अक्कलकुव्याचे. वडिलांचा गाद्या भरायचा धंदा होता. घरात हिंदी, बाजारात अहिराणी आणि रिपोर्टवर एकदम शुद्ध मराठी, अशा तीन भाषा ते तीन सदऱ्यांसारख्या वापरत. मी शहाद्याकडची, तापीकाठच्या शेतकरी घरातली, त्यामुळे आमचं अहिराणीतच जमायचं. सगळा दवाखाना मला सिस्टर म्हणायचा, ते मात्र ताई म्हणायचे. आणि दिवसातून एकदा तरी लॅबच्या दारातून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "ताई, एक शंका शे."

ही शंका म्हणजे तुमची-आमची शंका नव्हे. आपण शंका घेतो आणि विसरून जातो. चाचा ती वहीत लिहायचे. जुन्या रजिस्टरची पाठकोरी पानं शिवून त्यांनी ती वही केली होती. प्रत्येक शंकेखाली, काहीही तपासून बघायच्या आधी, एक ओळ लिहिलेली असायची: 'काय दिसलं तर मी चूक.' ही ओळ लिहिल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. शंका खोटी ठरली की लाल पेनने काट, खरी ठरली की हिरव्या पेनने खूण. वहीत लालच लाल होतं. हिरव्या पेनाची शाई वाळून गेली तरी कोणाला कळलं नसतं.

एक शंका माझ्यावरच होती. 'मुलं सुईला घाबरतात की सिस्टरच्या चेहऱ्याला?' ती तपासायला मला आठवडाभर हसत इंजेक्शनं द्यायला लावली. मुलं तेवढीच रडली. चाचांनी लाल काट मारली आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "चेहरा निर्दोष सुटी गया." चूक ठरल्यावर एवढा खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर मला जरूर सांगा.

पण एक शंका गमतीची नव्हती.

डोंगरातल्या एका बाजाराच्या गावी आठवड्यातून एकदा आमचं पथक जायचं. गाव मोलगीच्या अलीकडे की पलीकडे, ते मी सांगणार नाही, कारण पुढे त्या गावाची थोडी निंदा आहे. बाजाराच्याच दिवशी शाळेच्या एका खोलीत आमचा कॅम्प असायचा. चाचांच्या लक्षात आलं, की सिकलसेलचे दुखणेकरी दवाखान्यात येतात ते नेमके बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. त्यातही उन्हाळ्यात. त्यातही बायाच जास्त.

त्यांनी प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, "काल कोठे व्हता?" उत्तर एकच, बाजारात. उन्हाळ्यात बाया कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर विकायला आणतात. पहाटे जीप, दिवसभर ऊन, संध्याकाळी पुन्हा जीप. पाणी कमी पडलं की या आजारात पेशी लवकर वाकड्या होतात, हे तर आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावरही लिहिलेलं होतं. चाचांची नवी शंका अशी, की दुखणं आजारातून जितकं येतं, तितकंच बाजाराच्या दिवसातून येतं. तो एक दिवस सांभाळला तर पुढचे आठ दिवस सांभाळले जातील.

"बाया उनमा बसतस," ते म्हणाले. "माणसं चहानी टपरीना सावलीमा. म्हनीसन बायास्ले जास्त."

मला हे ऐकून काही म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. का, ते पुढे येईलच.

मोठ्या डॉक्टरांनी हसत परवानगी दिली. "पाणीच आहे ना, द्या." मग चाचांनी लिटर लिटरच्या काचेच्या बाटल्या धुवून घेतल्या आणि प्रत्येक बाटलीला दोन ठिकाणी लाल दोरा बांधला. बारा वाजेपर्यंत पाणी वरच्या दोऱ्याला आलं पाहिजे, तीन वाजेपर्यंत खालच्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही दोरा कळतो. ज्या बाया आमच्या सिकलसेलच्या यादीत होत्या, त्या सगळ्यांना सकाळी जीपमधून उतरताच बाटली मिळायची. वाटायचं काम माझं. वहीत शंकेखाली ओळ लिहिली होती: 'बाटली असूनही दुखलं, तर मी चूक.'

एक उन्हाळा गेला. दुखणेकरी होते तेवढेच. चाचांनी पाण्यात मीठ-साखर घालून पाहिली. दुसरा उन्हाळा लागला, तरी दुसऱ्या दिवशीच्या खाटा भरलेल्याच. "कोठेतरी मी चुकी ऱ्हायनू," ते म्हणायचे. रिकाम्या बाटल्या परत यायच्या आणि ते त्यांच्यामागे वर्तमानपत्र धरून बघत बसायचे, जणू चूक काचेत अडकली आहे. बाटल्या रिकाम्या यायच्या हे खरं. कोणीच त्यांना सांगितलं नाही, की संध्याकाळी परत देताना बाया ते पाणी भाजीवर शिंपडतात, नाहीतर जीपच्या चाकाजवळ ओततात. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

आमच्या यादीतली रमिला तेव्हा चोविसेक वर्षांची होती. आश्रमशाळेत शिकलेली, मराठी नीट बोलणारी. तिला रक्त भरायला दोनदा नंदुरबारला न्यावं लागलं होतं. चाचांचा तिच्यावर जीव. तिच्या आमचुराचं ते कौतुक करायचे आणि ती त्यांच्या चष्म्याची नक्कल करायची. मी बाटली देताना ते दर वेळी तिला बजावायचे, "रमिला, दोरा!" तीही हसून म्हणायची, "हो सर, दोरा."

वैशाखातला एक बाजार. दुपारी तीनच्या सुमाराला चार बायांनी रमिलाला उचलूनच कॅम्पच्या खोलीत आणलं. कंबर, छाती, दोन्ही पाय दुखत होते आणि श्वास पुरत नव्हता. मी सलाइन लावलं, कोणीतरी १०८ ला फोन केला. चाचांनी तिची पिशवी उचलली. आमचुराच्या पुडक्यांखाली बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली. वरचा दोरासुद्धा पाण्याखाली.

चाचा ओरडले. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही कधी ओरडताना ऐकलं नाही.

"पाणी जवळ होतं ना? मग प्यायली का नाहीस?"

एवढ्या वेदनेतही रमिलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाईने बाईकडे पाहावं तसं पाहिलं. मी तिची नजर ओळखली आणि सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिले.

अ‍ॅम्ब्युलन्स तिला घेऊन गेली. जगेल की नाही, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं. खोलीत आम्ही दोघंच उरलो. चाचांनी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि खिशातून लाल पेन काढलं.

"दोन वरीस," ते म्हणाले. "पोरगी मरी जाती मन्ही शंकाना मागे. बाटली व्हती तरी दुखनं. मी चूक."

पेनाचं टोपण निघालं. त्या टोपणाचा आवाज मला अजून आठवतो. तो ऐकून मी म्हटलं, "चाचा, थांबा. बाटली भरेल व्हती. पानी पिधंच नही, ते तुमनी शंकानी परीक्षा कोठे झायी?"

"तेच ते. काबरं नही पिधं?"

मी माझी पर्स उघडली आणि माझी बाटली टेबलावर ठेवली. सकाळी सहाला घरून निघताना भरलेली. तीही गळ्यापर्यंत.

चाचांनी सवयीने वर्तमानपत्राकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"मी बी नही पिधं," मी म्हणाले. "दर बाजारले नही पियत. सहा वरीस झायात. चाचा, आठे बायास्नी जावानं कोठे?"

एवढंच वाक्य. पण ते बोलायला मला दोन उन्हाळे लागले होते. मी नर्सिंग शिकलेली बाई. रुग्णांना दिवसभर लघवीबद्दल विचारणारी. पण एका बाईने वडिलांच्या वयाच्या माणसाला, बाजाराच्या गावात, आम्ही पाणी पीत नाही कारण आडोसा नाही, हे सांगायचं मला जमलं नाही. लाज वाटली. पुरुष शाळेच्या मागच्या ओढ्यात जातात. बायांसाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही नाही, आणि जीपमध्ये तर नाहीच. म्हणून आदल्या रात्रीपासूनच घसा कोरडा ठेवायचा, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक. आणि रमिलासारखीला तर दुप्पट जावं लागतं, कारण या आजारात मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत.

ही शेवटची गोष्ट माझ्याआधी चाचांच्याच ध्यानात आली. ते खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लघवीन्या बाटल्या रोज मीच तपासस," ते हळू म्हणाले. "तीस वरीस. माले कोनी सांगं नही." मग माझ्या भरलेल्या बाटलीकडे बघत म्हणाले, "आनि मी इचारं नही."

मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील. चिडायला हवं होतं. मी आधी बोलले असते तर रमिला त्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नसती, हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. पण त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं, पान उलटलं आणि नवी शंका लिहिली: 'बाया पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. जागा असूनही प्यायल्या नाहीत, तर आम्ही चूक.'

'मी'च्या जागी 'आम्ही' लिहिलं होतं. मला रडू आलं, ते मी रमिलाच्या नावावर खपवलं.

आता त्या गावाची निंदा. जागा होती! बाजाराच्या कडेला तीन दारांचं स्वच्छतागृह बांधून तयार होतं आणि त्याला कुलूप होतं. आत ब्लीचिंग पावडरची पोती आणि मोडक्या खुर्च्या. चाचा पंचायतीत जाऊन बसले. तिथला कारकून म्हणाला, "उद्घाटन राह्यलं आहे ना. पाहुणे मिळत नाहीत."

"पाहुनी मन्हाकडे शे," चाचा म्हणाले.

रमिला नंदुरबारहून महिन्याभराने परत आली. वाळली होती, पण चालत आली. पुढच्या बाजाराला चाचांनी दाराच्या कडीला बँडेजची पट्टी बांधली आणि माझी ड्रेसिंगची कात्री तिच्या हातात दिली. रमिलाने फीत कापली. बायांनी टाळ्या वाजवल्या, कारकुनाने फोटो काढला, आणि पाहुण्या बाईंनी सगळ्यांच्या देखत सर्वांत आधी आत जाऊन दार लावलं. चाचा तेवढ्यात पाठ फिरवून समोरच्या डोंगराकडे फार लक्ष देऊन बघत उभे होते.

किल्ली कोणाकडे, हा पुढचा प्रश्न. पुरुषाकडे किल्ली मागायला एकही बाई येणार नाही, हे यावेळी त्यांनी आधीच विचारून घेतलं. म्हणून किल्ली माझ्या टेबलावर आली, बाटलीचाच लाल दोरा बांधून. पहिल्या दिवशी मी पाणी प्यायले ते घोटाघोटाने, चोरी करावी तशी. संध्याकाळी डोकं दुखलं नाही. बाजाराच्या दिवसाची डोकेदुखी ही बाईपणाचाच भाग आहे, असं मी सहा वर्षं समजत होते.

पुढच्या उन्हाळ्यात बाजाराच्या दुसऱ्या दिवशी खाटा रिकाम्या राहू लागल्या. सगळ्या नाही, पण राहू लागल्या. मी रोज चाचांच्या मागे लागायचे, हिरवं पेन काढा. ते मान हलवायचे.

"ताई, यंदा आंबा कमी शे. आमचूर कमी, म्हनीसन बाजारमा बाया कमी. बाया कमी ते दुखनेकरी कमी. अजून शंकाच शे."

"अहो चाचा, एकदा तरी लिहा की!" मी खरोखर रागावले होते. रमिलाचा उन्हाळा बिनदुखण्याचा गेला होता. याहून मोठा पुरावा मला नको होता.

"रमिला बरी शे, त्याना आनंद शे," ते म्हणाले. "पन एक रमिला म्हंजे पुरावा नही. आनंद आनि पुरावा येगयेगळा रजिस्टरमा लिखाना."

निवृत्तीच्या आधी त्यांनी एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, शुद्ध मराठीत. आपल्याकडे आकडे थोडे आहेत, आंब्याचं पीक कमी होतं, तरी कल्पना तपासण्याजोगी वाटते, असं सगळं प्रामाणिकपणे मांडलं. शेवटी होतं: 'पहिली शंका माझी होती, ती अपुरी ठरली. दुसरी शंका आमच्या सिस्टर यांची आहे.' खाली माझं पूर्ण नाव.

मी कपाळाला हात लावला. "चाचा, माझं नाव काढा. लघवीच्या कागदावर माझं नाव जाईल सगळीकडे!"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मन्हं नाव तीस वरीस त्याच कागदवर शे, ताई. काही व्हत नही."

नाव राहिलं. पत्र गेलं. चाचाही निवृत्त होऊन गेले, जाताना वही माझ्या कपाटात ठेवून. पावसाळा संपता संपता त्यांच्या हृदयाने दगा दिला आणि चाचा वारले. मी अक्कलकुव्याला गेले होते. घरात पूर्वी गाद्यांचा कापूस भरलेला असायचा त्या जुन्या खोल्या, आणि खिडकीत काचेचे चार ग्लास पालथे घातलेले. चाचींनी पाणी दिलं. मी ग्लास हातात धरून बसले आणि मागे कोणी वर्तमानपत्र धरत नाही, हे मला सहन झालं नाही.

पत्राचं उत्तर त्यानंतर आलं.

यंदाच्या वैशाखात त्या महाविद्यालयाची माणसं डोंगरात आली. रीतसर परवानग्या, संमतीपत्रं, एक नव्हे तर अनेक बाजार. काही बाजारांत स्वच्छतागृह उघडं, काही ठिकाणी त्याचं अजून कामच चालू. एक तरुण डॉक्टर बाई होत्या, त्यांनी विचारलं, "ती वही बघायला मिळेल?" त्यांनी 'काय दिसलं तर मी चूक' ही ओळ दोनदा वाचली आणि मग म्हणाल्या, "सिस्टर, इथल्या बाया तुम्हाला ओळखतात. प्रश्न तुम्हीच विचाराल का?"

छापील अर्ज हातात घेऊन मी शाळेच्या त्याच खोलीत बसले. चाचांची खुर्ची तिथेच होती, तिच्यावर आता सामानाचा खोका होता. समोर सर्वांत आधी रमिला. दहा प्रश्न झाले. अकरावा प्रश्न पाहून माझा आवाज सवयीने खाली गेला. दारात दोन-तीन पुरुष उभे होते. मी थांबले, अर्ज नीट धरला आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचला:

"बाजाराच्या दिवशी लघवीला जायला जागा मिळते का?"

रमिलाने बाटली तोंडाला लावलेली होती. ती खाली घेतली. पाणी खालच्या दोऱ्याला टेकलं होतं.

"मिळते," ती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "किल्ली ताईंकडे असते."

मी निळ्या पेनने खूण केली. हिरवं पेन पर्समध्ये आहे, त्यात नवी शाई भरली आहे, पण अजून उघडलेलं नाही. बाहेर आमचूर घेऊन बसलेल्या बायांची रांग पार ओढ्यापर्यंत गेली होती. चाचा, यंदा आंबा भरपूर आला आहे.